काका, कार्बन बसतोय

काका गेले आणि मी मोटर सोडून उठू शकत नाहीये.

दुपारी आमच्या रोलिंग मिलच्या मोटरचे कार्बन बदलले आणि फोन आला. काकू.
"गेले रे ते. झोपेतच."
मग लगेच, "सकाळपर्यंत बर्फावर ठेवतोय. अग्नी तूच द्यायचास. निघ."

संध्याकाळची ट्रेन. ती गेली तर संपलं.

ग्वाल्हेरला दाना ओली नावाच्या गल्लीत काकांचं मोटर वाइंडिंगचं दुकान. आठवीत माझी शाळा सुटली, घरच्यांनी हात टेकले. काकांनी स्टूल पुढे सरकवलं.

कार्बन म्हणजे बोटाएवढा काळा तुकडा. जोरात फिरणाऱ्या तांब्याला घासत राहतो, त्यातून करंट जातो. झिजायचं त्याने, तांब्याने नाही.
पण नवा कार्बन सपाट असतो आणि तांबं गोल. तो घासून गोलाई घेईपर्यंत, म्हणजे 'बसेपर्यंत', ठिणग्या उडतात. तोवर लोड कमी ठेवायचा आणि समोरून हलायचं नाही. काकांचा नियम.

एकदा टोपी बाजारातला जनरेटरवाला दुकानात नाचत होता, "काका, बारात खडी है!"
काकांनी मान पण वळवली नाही. "तो दूल्हे से बोल, घोडी पे बैठा रहे."

मी चुळबुळ केली की ओरडायचे, "काय रे, गाडी छूट रही है तेरी?"

आज सुटतेय, काका. खरंच.

गेल्या महिन्यात इथले दोन प्लांट एक झाले. माणसं निम्मी. कोण राहणार, कुणी सांगत नाही. पुढच्या शिफ्टला माझ्या जागी येणारा अजून तिकडच्या प्लांटवरून पोचलेला नाही.
नवे साहेब भले आहेत. म्हणाले, "जा तू, बघू आम्ही."
दारापर्यंत गेलो. मागे कडकड ऐकली. परत आलो.

ठिणगी हिरवी झाली म्हणजे तांबं जळतंय. मघाशी हिरवी दिसली. की डोळ्यांत पाणी होतं म्हणून?

काकूचा परत फोन. "निघालास ना?"
"काकू, कार्बन बसतोय."
ती म्हणाली, "बस मग. आमच्या लग्नाला पण ते याच पायी उशिरा आले होते."
आणि रडली.

ठिणग्या विरल्या. बारीक निळी रेघ उरली. लोड वाढवला. रेघ हलली नाही.

हे रिक्षातून पोस्ट करतोय. सिग्नल लाल आहे.

काका, कार्बन बसला. निघालोय.
आज थोडं तुम्ही थांबा.