बानूबाईचा हाकारा

तामलवाडीच्या शिवारात ज्वारी हुरड्यात आली की बानूबाईला बोलावणं यायचं. चाळीस वर्षं तिनं दुसऱ्याच्या रानात पाखरं राखली. माळ्यावर चढायचं, गोफणीत खडा घालायचा अन् बेंबीच्या देठापासून ओरडायचं, "हाऽऽ हुर्र्!" थवा उठायचा तो थेट ओढ्यापल्याड जाऊन पडायचा.

नवरा बिरदेव तिच्या अगदी उलटा. मेंढरं विकल्यावर त्यानं घरामागचा परस पाखरांच्या नावानंच सोडला. बोरीचं झुडूप कुणाला तोडू दिलं नाही. मातीच्या परळात पाणी, वळचणीला ज्वारीची कणसं. "तू दिसभर हाकल, म्या सांजंला जेवू घालतो," म्हणायचा.

होळी झाली अन् बिरदेव गेला. बानूबाई रडली नाही. बाया म्हणाल्या, रडू द्या तिला, न्हायतर छातीत बसंल. छातीत काही बसलंही नाही अन् उठलंही नाही. सकाळी परळ घासायचं, पाणी भरायचं, कणसं बदलायची, एवढं ती करत राहिली. पण पाखरं काही टिकेनात. महिना गेला.

"मालकाबरूबर गेली जणू," ती सुनेला म्हणाली.

गौरी भाकरी थापत होती. "आत्या, रागावू नका. येत्यात वो. तुमीच हाकलता."

"म्या?"

"पाखरू बसलं की तोंडातनं निघतंच तुमच्या."

"उगं कायबी बोलू नगंस."

कुंपणापलीकडून शेजारची सरुबाई हसली. "खरं हाय की, बाने. तुझ्या हाकाऱ्यानं आमची कोंबडी दोनदा आंडं सोडून पळाली!"

बानूबाई हसली नाही. दुसऱ्या दिवशी मागच्या दारात बसून तिनं स्वतःवरच राखण धरली. होल्याची जोडी बोरीवर उतरली. एक होला परळाच्या काठावर आला. तो दिसला न दिसला तोच आवाज बाहेर पडला होता. होले गेले. तिचा हात वर, तसाच राहिलेला.

"मग हे असताना कशी येत व्हती?" तिनं गौरीला विचारलं.

"मामा तुमचा हात धरून बसायचे की," गौरी म्हणाली. "तुमी ओरडायला गेलाव की दाबायचे."

म्हाताऱ्याला या वयात हात धरायची कसली हौस, असंच बानूबाईला इतकी वर्षं वाटत आलं होतं.

"म्या बसू का तुमच्यापशी?"

"नगं. तुला कामं हैत."

तेव्हापासून ती सांजंला मागच्या दाराकडं पाठ करून बसते. पुढ्यात सूप, सुपात तूर. नजर भिंतीवर. पाखरू दिसलंच नाही तर हाक निघत नाही, एवढं तिला उमगलंय.

चौथ्या दिवशी मागं पाणी खळबळलं.

"आत्या," गौरी हळूच म्हणाली, "तीन हैत. बघता का?"

"आसू दे," बानूबाई म्हणाली अन् तुरीतला खडा काढून बाजूला ठेवला.