बापाच्या नावानं फुलं

परभणीच्या दवाखान्यात परिचारिका असलेल्या सुमनताई "वाडीवर येता का?" म्हणाल्या आणि मी निघालो. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाची वर्षं होती. बंदमुळे एसटी औंढ्यालाच थांबली. पुढे कळमनुरीपर्यंत मालट्रक, मग डोंगरातली पायवाट. कुणाला जायचं असेल तर पाणी सोबत न्या. चैत्रात तिथे सावली नाही आणि विहिरी आटलेल्या असतात.

वाडी आंध आदिवासींची. दारू सुटावी म्हणून तिथला कोंडबा दोनदा दवाखान्यात राहिला आणि दोन्हीदा पळाला. मग ताईच वाडीवर येऊन त्याच्या ओसरीत बसू लागल्या. दिवाळीपासून त्यानं घोट घेतला नव्हता.

आता त्याचा बाप गेला होता, उद्या त्याचे दिवस घालायचे होते. इथली रीत अशी, की थोरल्या मुलानं मोहाची दारू आधी ओठाला लावायची, मग बापाच्या नावानं जमिनीवर सोडायची.

"डॉक्टर म्हणालेत, थेंबही नको," ताई म्हणाल्या.

"मग मामंजी तहानलेलेच जातेत का?" कोंडबाची बायको गिरजा म्हणाली. तिनं आम्हाला भाकरी आणि ठेचा वाढला. कोंडबा नुसताच भाकरी कुस्करत बसला. दारासमोरच्या मोहाखाली फुलांचा सडा पडला होता.

संध्याकाळी ताई वाडीच्या कारभाऱ्याकडे, उमाजीकडे गेल्या. "मामा, म्हाताऱ्याला दुसरं काय आवडायचं?"

"दुसरं? काय बी न्हाई. दारूच आवडायची, तिनंच नेलं त्याला." मग तोच म्हणाला, "पर जल्मभर फुलं येचली त्यानं. दारू हुयाच्या आधी ती फुलंच असती."

"मग फुलं चालतील?"

"भावकी बोंबलंल. बोंबलू द्या."

सकाळी कोंडबानं रात्री वेचून पाण्यात भिजवलेली फुलं ओंजळीनं जमिनीवर ठेवली.

"दवाखान्यानं मेलेल्याची बी बंद केली," मागून चुलतभाऊ म्हणाला. कुणी हसलं नाही. उमाजी पुढे आला, त्यानंही ओंजळभर फुलं ठेवली. मग बाकीचे झाडामागे प्यायला गेले.

निघताना कोंडबानं उरलेली फुलं माझ्या पिशवीत ओतली. "घिऊन जावा, सायेब. वास लय ओढायलाय."

फुलं मी ओढ्यात टाकली. परभणीला आल्यावर पिशवी दोनदा धुतली, तरी वास जाईना; शेवटी पिशवीच टाकून दिली. कोंडबाच्या दारातलं झाड मात्र अजून महिनाभर गळणार होतं, आणि पुढच्या चैत्रात पुन्हा.