मामांची उसनी जीभ

निपाणीपासून बेळगावपर्यंतच्या पट्ट्यात आमच्या हिच्या मामांइतकं गोड खाणारा माणूस सापडणार नाही, आणि हे सगळं गोड ते माझ्या तोंडाने खातात. त्यांना मधुमेह निघाला तेव्हा डॉक्टरांनी गोड बंद केलं. मामांनी ते निमूट मान्य केलं, पथ्य इतकं कडक पाळलं की साखरेचा कण जिभेला लावला नाही. फक्त त्या दिवसापासून त्यांनी माझी जीभ वापरायला काढली. मला विचारण्याची त्यांना गरज वाटली नाही. जावई असतो कशाला?

मामांची सगळी नोकरी निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत गेली. पान हातात घ्यायचं, चुरायचं, हुंगायचं आणि माल कसा ते सांगायचं. निवृत्तीनंतर ते टिळकवाडीत, आमच्या पलीकडच्या गल्लीत राहायला आले ते ही सवय बरोबर घेऊनच. दर रविवारी सकाळी मी पेपर उघडून चहाचा पहिला घोट घेणार, एवढ्यात मामा खव्याच्या बेळगावी कुंद्याचा डबा घेऊन दारात हजर. "च्या ठिवा खाली जावईबापू, जीभ भाजंल," हाच त्यांचा रामराम. मग चिमूटभर कुंदा बोटांत चुरायचा, डोळे मिटून हुंगायचा आणि मला फर्मावायचं, "आ करा. गिळू नगा. आदी खवा लागतोय का साकर?" आता मी साधा बँकेतला माणूस. आमटीत मीठ पडलेलं नाही हेसुद्धा मला दुसऱ्याने सांगावं लागतं. एकदा वैतागून मी नुसतं "छान आहे" म्हणालो, तर मामांचा चेहराच उतरला. "छान तर लोकं हवेलाबी म्हणत्यात. ह्यो कुंदा हाय. खवा कुठवर भाजलाय, रवाळ हाय का पिठूळ झालाय, गिळल्यावर मागं काय ऱ्हातंय, त्ये सांगा की!" निम्मा डबा संपेपर्यंत माझी सुटका झाली नाही, आणि तोवर चहावर साय धरली होती.

गुंजीच्या एका लग्नात तर त्यांनी माझी पुरती शोभा केली. आमच्याकडे लग्नाला मांडे हवेतच. रुमालासारखी घडी घातलेले, कागदाहून पातळ, आत पिठीसाखर. मामा पंगतीत मला खेटून बसले. स्वतःच्या पानात भात-आमटी, आणि सगळं लक्ष माझ्या पानावर. "मोडताना वाजला काय? तुपाचा वास कवा आला, आदी का मागनं?" मी दबक्या आवाजात उत्तरं देत होतो, पण मामांना कमी ऐकू येतं, म्हणून आवाज चढवावा लागला. हळूहळू आजूबाजूची माणसं जेवायची थांबून माझं ऐकू लागली. समोरचे एक गृहस्थ अगदी मनापासून म्हणाले, "सर, कडोलीला साहित्य संमेलनात बोलायला येता काय?" हिने तोंडाला पदर लावला. मामा मात्र अभिमानाने इकडेतिकडे बघत होते.

त्यांना फसवण्याचीही सोय नव्हती. एकदा सर्दीने माझं नाक गच्च होतं, चव कशाचीच कळेना, म्हणून मी गेल्या रविवारचं उत्तर ठोकून दिलं. मामांनी माझ्याकडे रोखून पाहिलं, डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाले, "वाफ घ्या. जीभ परत आली की हाक मारा." गेले देखील.

मग व्हायचं तेच झालं. माझ्या रक्ततपासणीत साखर वाढलेली निघाली. हिने मामांना फोनवर फैलावर घेतलं. पुढच्या रविवारी ते आले, पण रिकाम्या हाताने, आणि उंबऱ्याच्या आतही येईनात. "तुमची जीभ उसनी घेटली जावईबापू," ते म्हणाले, "पर तिच्यामागं अख्खा माणूस हाय, ह्ये ध्येनातच आलं न्हाय बगा." चहाला थांबले नाहीत. त्यानंतर आलेच नाहीत.

सुरुवातीला मी अगदी खूश होतो. चहा गरम, पेपर सलग, अगदी निधनवार्तांपर्यंत. पण एकदा ही मामांकडे जाऊन आली ती गप्पगप्प. म्हणाली, "नुसते खुर्चीत बसून असतात. मिठाईचं दुकान आलं की रस्ता ओलांडून पलीकडून जातात. काय जेवलात विचारलं तर आठवत नाही म्हणाले."

परवा रविवारी शेजारच्यांनी मुलीच्या निकालाचा कुंदा आणून दिला. हिने हरभऱ्याएवढा माझ्या हातावर ठेवला आणि डबा आत नेला. मी तो जिभेवर ठेवला, तर चहाचा कप मी कुणी न सांगताच खाली ठेवलेला. तोंडात उत्तरं तयार होती आणि समोर विचारायला कुणी नव्हतं. मला मामांची फार आठवण आली, आणि ती यावी याचा रागही आला. उठून फोन लावला.

"मामा, खवा जरा जास्त भाजलाय."

 

"डाक्टरनं खावा म्हटलंय काय?"

"हरभऱ्याएवढाच आहे. तुमच्या भाचीने दिलाय."

 पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"जास्त म्हंजे किती?" मामांनी विचारलं.

मी डोळे मिटले आणि सांगू लागलो. समोर चहा निवत होता.