सतरा दोष आणि दारातली बाई

आमच्या ह्यांना खोटं बोलता येत नाही. हा गुण म्हणायचा की दोष, ते लग्नाला तेहेतीस वर्षं झाली तरी मला कळलेलं नाही. नाव सहदेव घाडी. मरोळच्या एका बिस्कीट कारखान्यात तपासनीस होते. पट्ट्यावरून बिस्किटं सरकायची आणि हे तुटकी, करपलेली, वाकडी बाजूला काढायचे. एकतीस वर्षं तेच केलं. रिटायर झाले तरी नजर तशीच. ताटात चपाती पडली की आधी उलटून बघणार. असा राग येतो ना!

माझा भाऊ धोंडू त्याच कारखान्यात भट्टीवर होता. एकोणीस वर्षांपूर्वी एकदा त्याची अख्खी खेप करपली, आणि ह्यांनी कागदावर सही ठोकून ती अडवली. सख्खा मेव्हणा, पण नाही म्हणजे नाही. धोंडूचं काम गेलं, तो गावाला निघून गेला. तेव्हापासून मी ह्यांना कामावरचं काही विचारणंच सोडलं. हे दारात आले की मी एकच बोलायचे, "हातपाय धुवा, चहा ठेवलाय." भांडले नाही, अबोला धरला नाही. विषयच बंद करून टाकला.

आमची श्वेता अंधेरीत व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. त्यांचा नवा गेम येतोय, 'खड्गवन'. तलवार घ्यायची, रानात घुसायचं आणि समोर येईल त्याला कापत सुटायचं. राक्षस मेला की चिलखत, अंगठ्या असलं काहीबाही टाकून जातो. ते अंगावर चढवायचं, ताकद वाढवायची आणि त्याहून मोठा राक्षस मारायचा. मला विचाराल तर सगळा येडेपणा. पण त्या रानात मधोमध एक गाव आहे, आणि ते गाव श्वेताने बनवलंय. दोन वर्षं मान मोडून काम केलं पोरीने.

तर तिचा साहेब, मुकुल, म्हणाला गाव कंटाळवाणं आहे, काढून टाकू. श्वेता रडकुंडीला आली. शेवटी ठरलं की दहा जणांना गेम खेळायला द्यायचा, गुण-दोषांचा फॉर्म भरून घ्यायचा आणि मग काय ते ठरवायचं. नऊ जणांनी लिहिलं, गाव नको. दहावा माणूस जन्मात कधी गेम न खेळलेला हवा होता. श्वेताने घरी लॅपटॉप आणून टीव्हीला जोडला आणि ह्यांच्या हातात तो दोन दांड्यांचा रिमोट दिला.

"अगं, ह्यांना कशाला?" मी म्हटलं. "वाट लावतील तुझी!"

"आई, बाबांनी बरं लिहिलं तर लिहिलं. मी त्यांना काही सांगणार नाहीये."

चार दिवस दुपारचे हे खेळले. पहिल्या दिवशी नुसता गोंधळ. "हा मघाशी मेला ना? मग परत कसा आला?" "ही अंगठी कोणाची? परत कोणाला द्यायची?" गावातल्या घरांत मडकी असतात. ती तलवारीने फोडली की आतून औषध मिळतं. हे ऐकायलाच तयार नाहीत. "दुसऱ्याच्या घरातली मडकी कशी फोडायची गं?" औषधावाचून अकरा वेळा मेले, पण एका मडक्याला हात लावला नाही. श्वेताने कपाळावर हात मारून घेतला.

तिसऱ्या दिवशी मात्र हात बसला. कारखान्यात पट्ट्यासमोर बसायचे तशी पाठ ताठ करून एकापाठोपाठ एक राक्षस आडवे पाडत होते. अंगठा सुजला, मी बाम लावून दिला. आणि दर वेळी, मारामारी संपली की हे गावाकडे वळायचे. तिथे एका दारात बाई उभी असते. मी आत डाळ फोडणीला घालत होते तेवढ्यात तिचा आवाज आला, "हातपाय धुवा, पेज ठेवलीय."

मी पळी घेऊनच बाहेर आले. "अगं, हे तर माझं वाक्य!"

"तुझंच आहे," श्वेता लाजून म्हणाली. "लहानपणापासून तेच तर ऐकलंय."

काय आनंद झाला म्हणून सांगू! ह्यांनी मात्र विचारलं, "ही आणखी काही बोलत नाही?"

"नाही बाबा. एकच वाक्य आहे तिला."

हे परत रानात गेले, रक्ताने माखून आले, तिच्यासमोर उभे राहिले. ती पुन्हा तेच बोलली.

शुक्रवारी फॉर्म भरायचा होता. मी हात जोडले. "अहो, पोरीसाठी एकदा तरी बरं लिहा." हे "बघू" म्हणाले आणि चष्मा लावून बसले. संध्याकाळी श्वेताने मोबाइलवर फॉर्मचा फोटो दाखवला. दोष सतरा! राक्षस तेच ते, फक्त रंग बदलून येतात. खांबाआड गेलं की आपणच आपल्याला दिसत नाही. पिशवी सारखी भरते आणि चांगली वस्तू टाकून द्यावी लागते. आणि शेवटचा, सतरावा: 'माणूस एवढं सोसून घरी येतो, तर दारातली बाई काय झालं ते विचारत नाही.'

गुणांच्या जागी दोनच ओळी. 'वार बसला की हाताला कळतं.' त्याखाली, 'बाई दारात मात्र रोज असते.' आणि खाली सही, स. बा. घाडी, तपासनीस.

माझं डोकंच सणकलं. "सतरावं माझ्याबद्दल लिहिलंत ना?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "गेमबद्दल आहे ते."

आता ह्यांना खोटं बोलता येत नाही. म्हणजे गेमबद्दलच असणार. मग उत्तर द्यायला एवढा वेळ का लागला? आणि गुणातली ती बाई, ती तरी कोण? रात्रभर विचार करून माझं डोकं दुखलं.

मुकुलने सही वाचून श्वेताला विचारलं म्हणे, "घाडी म्हणजे तुझे वडील? आणि सतरा दोष?" हसला आणि म्हणाला, पोरीच्या गेमला सतरा दोष काढणारा माणूस गुण खोटे लिहिणार नाही; गाव ठेवू, पण ह्या बाईला बोलतं कर. सोमवारपर्यंत वीस वाक्यं दे, नाहीतर गाव गेलं.

श्वेता वही घेऊन माझ्यापुढे बसली. "आई, बाबा कामावरून आले की तू आणखी काय विचारायचीस? सांग, लिहून घेते."

मी आठवत बसले. एक वाक्य आठवेना. शरम वाटली मला, खरंच सांगते.

रविवारी हे बांगडे घेऊन आले. सवयीने माझ्या तोंडातून निघालंच, "हातपाय धुवा, चहा..." मग मी थांबले आणि विचारलं, "काय झालं?"

हे उंबऱ्यातच थबकले. पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. चेहरा पार गोंधळलेला.

"कधीचं?" ह्यांनी विचारलं.

"धोंडूची खेप अडवलीत, त्या दिवसाचं सांगा."

ह्यांनी पिशवी खाली ठेवली आणि हातपाय न धुताच खुर्चीत बसले.

"सही करायच्या आधी पेन तीनदा खाली ठेवलं मी," ते म्हणाले. "घरी येऊन तुला सगळं सांगणार होतो. पण तू चहा ठेवला होतास."

मी गॅस बंद केला आणि त्यांच्यासमोर बसले.