माफीचा कागद

"काका, इथे सही करा. माफीचा कागद आहे," मॅडम म्हणाल्या.

अण्णांनी पेन घट्ट धरलं. ओठ हलवत, एकेक अक्षर जुळवत नाव लिहिलं. मग उभे राहिले आणि हात जोडले.

"लई उपकार झाले बाई तुमचे. पोरीचं शिक्षण मोडतंय का काय, असं वाटायलं होतं."

मॅडम शेजारच्या टेबलावरच्या बाईकडं वळल्या. "अगं, यांना वाटतंय फी माफ झाली."

दोघी हसल्या. अण्णाही हसले. समोरचे हसले म्हणून.

कागदाची दुसरी प्रत माझ्या हातात होती. इंग्रजीत. फीचा त्यात शब्द नव्हता. तो माझा माफीनामा होता. पालक म्हणून अण्णांची सही झाली होती, माझी व्हायची होती.

माझे वडील धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीजवळच्या आमच्या गावात मेंढरं राखतात. आमच्याकडं शाळेच्या बाबतीत माफी म्हणजे फीस माफ होणं, दुसरं काही नाही. माणूस माणसाची माफी मागत नाही. 'चुकलं माझं' म्हणतो. मला शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेच्या ऑफिसातून फोन आला, "माफीचं काम आहे, या." अण्णा मेंढरं चुलत्यांवर सोपवून पहिल्या एसटीनं पुण्याला आले. सगळ्या रस्त्यानं खुशीत.

माझा गुन्हा एवढाच. विद्यार्थ्यांच्या बैठकीत मी विचारलं होतं, "फी दरवर्षी वाढते, मग शिष्यवृत्तीही वाढणार का?"

याच मॅडम बारावीनंतर आमच्या शाळेत आल्या होत्या. अण्णांना म्हणाल्या होत्या, "मुलगी आता आमची. शेवटपर्यंत आम्ही बघू." मी विश्वास ठेवला. नुसता विश्वास नाही, त्यांच्या प्रत्येक कार्यक्रमात स्टेजवर उभी राहून आभार मानले. कुणी सांगितलं म्हणून नाही, मनापासून. शिष्यवृत्ती होती तेवढीच राहिली. फी वाढत गेली. वरचं सगळं आमच्या अंगावर. आणि ते का, हे विचारणं म्हणजे संस्थेची बदनामी.

कागदात लिहिलं होतं, शिष्यवृत्ती ही संस्थेची कृपा आहे, याची मला जाणीव आहे.

"सही कर पटकन," मॅडम म्हणाल्या. "वडिलांना परत जायचं असेल."

मी अण्णांकडं बघितलं. "अण्णा, ही फीची माफी न्हाय. मला माफी मागायला लावायलेत."

"कशाची?"

"इचारल्याची."

अण्णांनी मॅडमकडं बघितलं, त्या हसणाऱ्या बाईकडं बघितलं. आपल्याला कशाला हसल्या, ते त्यांना तेव्हा कळलं. मला ते त्यांच्या तोंडावर दिसलं.

"तू खोटं बोललीस का?"

"न्हाय."

"मग माझं नाव खोड."

"आता खोडता येणार नाही, काका," मॅडम म्हणाल्या.

मी अण्णांच्या सहीचा कागद ओढून घेतला. बापानं एवढ्या कष्टानं लिहिलेल्या नावावर माझ्या हातानं रेघ मारली.

शिष्यवृत्ती गेली. मी धाराशिवला येऊन पदवी पूर्ण केली. एक वर्ष वाया गेलं. ते वर्ष मला कुणी भरून दिलं नाही आणि मी विसरलेले नाही.

मी कृतघ्न निघाले, असं तिथं अजून बोलतात म्हणे. बोलू द्या. कुणी मदत केली तर मी आभार मानीन. पण आभाराच्या बदल्यात तोंड बंद ठेवणार नाही. आता गावातल्या पोरी प्रवेशाचे कागद घेऊन माझ्याकडं येतात. मी प्रत्येक ओळ त्यांच्या आईबापाला मराठीत वाचून दाखवते. कळल्याशिवाय पेन हातात देत नाही.