मोहाखालची झाडलेली जागा

१८ एप्रिल १९६७. सकाळी अंगणात चिंच फोडत बसले होते. बिरसाहून पहिल्या मोटारीने आलेला चपराशी फाटकाशी उभा राहिला आणि म्हणाला, "शांताबाई नहीं रहीं. जंगल की आग में..." शांता माझी नणंद. बिरसाच्या पुढच्या एका गावात ग्रामसेविका होती, वय अठ्ठावीस. मी हात धुतले, चिंच झाकली आणि यांना बोलवायला निघाले. रडायचं नंतर पाहू म्हटलं. ते राहूनच गेलं, कारण दहा दिवसांनी रडण्याच्या जागी दुसरंच काही आलं.

छप्पन साली आमचं सगळं घर नागपूरला दीक्षेला गेलं होतं. परतीच्या गाडीत शांता म्हणाली, "वैनी, शिक्षण झालं का म्या घरी बसणार नाही. नोकरी करीन." मी विचारलं, "अन् लग्न?" "थे तू केलं ना? एका घरात एक पुरे." सगळा डबा हसला, सासूबाई सोडून.

नोकरी लागली ती बायकांना साबण आणि चूल शिकवायची. पण पहिल्याच फाल्गुनात तिने पाहिलं की मोहाची फुलं गळण्याआधी बाया झाडाखालचा पालापाचोळा पेटवून देतात. स्वच्छ जमिनीवर फुलं चटकन दिसतात, मात्र ती आग तिथे थांबत नाही. रानात शिरते आणि मोहाची लहान रोपंही खाऊन टाकते. शांता म्हणाली, जाळू नका, झाडा. त्यावर फगनीबाई नावाची म्हातारी सर्वांदेखत म्हणाली, "झाडू मारेंगे तो कमर टूटेगी. किसकी टूटेगी, तेरी?" शांताने दुसऱ्या दिवशी स्वतः सहा झाडांखाली झाडलं. कंबर खरंच धरली. फुलं पडू लागली तेव्हा तिने म्हातारीच्या एका हातावर जाळलेल्या जागेवरचं फूल ठेवलं, दुसऱ्या हातावर झाडलेल्या. म्हातारीने दोन्ही चाखली, राखेचं थुंकलं आणि शांताच्या हातातून झाडू ओढून घेतला. "हट, तेरे को तो झाडू पकड़ना भी नहीं आता." प्रशिक्षण म्हणतात ते एवढंच होतं. पुढच्या काही वर्षांत सगळं गाव झाडू लागलं, रानाच्या कडेने पाला ओढून आग अडवायची मोकळी पट्टी ठेवू लागलं, पाळीने राखण करू लागलं. बदल्यात तिथला मोह गावच्या बायांनीच वेचावा, अशी परवानगी शांताने बिरसाच्या जंगलखात्याच्या साहेबांकडून मिळवली. त्यासाठी ती दिवसचे दिवस कचेरीच्या ओट्यावर बसायची. "काहून बसतं वं तिथं?" मी विचारलं होतं. "माहं तोंड पाहून साहेबाले कंटाळा आला पाहिजे म्हून."

आग लागली त्या दिवशी लाकडाच्या ठेकेदाराची माणसं नाल्याकाठी स्वयंपाक करून चूल तशीच सोडून गेली. वारा होता. बाया पट्टीवर धावल्या. फगनीबाई धुरात अडकली, शांता तिला आणायला आत गेली. म्हातारी बाहेर आली, जगली. शांताने दवाखान्यात नेताना बैलगाडीतच प्राण सोडला, बिरसा यायच्या आधीच. आत शिरली म्हणून तिचाही मला राग येतो. पण तो घरचा राग आहे, घरीच ठेवीन.

दहाव्या दिवशी बिरसाच्या त्याच कचेरीत शोकसभा झाली. एका रिकाम्या खुर्चीला हार. साहेब म्हणाले, बाई फार सेवाभावी होत्या. मग त्याच दमात म्हणाले, बायांनीच मोहाखाली आग लावली, शिकवण कच्ची राहिली, पुढच्या हंगामापासून हे रान गावाला बंद. मी उठून विचारलं, "जागा पाहिली तुम्ही?"

"रिपोर्ट आई है," ते म्हणाले. मग चहा आला... आणि तिथल्या सगळ्यांनी तो घेतला.

फगनीबाई दाराबाहेर बसली होती. शोकसभेला तिला कोणी आत बोलावलं नव्हतं. पट्टी बांधलेल्या हाताने तिने माझं मनगट धरलं. "चल. तू तो देख ले."

नाल्यापासून सगळं रान काळं होतं. चुलीचे तीन दगड तिथेच होते. आणि त्या काळ्यात प्रत्येक मोहाखाली एक तांबूस गोल, झाडलेला, न जळलेला. आग कडेपर्यंत आली होती आणि खायला पाला नाही म्हणून थांबली होती. उशिरा गळलेली फुलं तशीच पिवळी पडलेली. "यहाँ लगाते तो यहीं पहले जलता कि नहीं?" फगनीबाईने विचारलं. पाचवीतल्या पोराला कळेल एवढी गोष्ट. ती न पाहता एका माणसाने मेलेल्या बाईच्या माथी आग मारली होती आणि जिवंत बायांचं वर्षाचं खाणं बंद केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बिरसाच्या बाजारातून चुना घेतला आणि मोटारीने गावात गेले. अकरा बाया आल्या. रस्त्यालगतच्या ज्या ज्या मोहाखाली गोल शाबूत होता, त्याच्या खोडाला आम्ही कंबरेएवढ्या उंचीवर पांढरा पट्टा ओढला. साहेब त्याच रस्त्याने दौऱ्यावर जातात, हे बायांना ठाऊक होतं. जीप वळणावर दिसली तेव्हा अर्धी बादली उरली होती. मी ती रस्त्याच्या मधोमध ठेवली, तिच्यामागे उभी राहिले, आणि जीप थांबल्यावर म्हटलं, "उतरिए."