जळणारे पाय

दुष्काळाच्या त्या साली नेकनूरजवळच्या आमच्या दूध संस्थेत एक बाई दूध मोजायला होत्या. मी तिथला सचिव. बाई मोजकंच बोलायच्या, "लई झालं" किंवा "न्हाई जमत", पण त्यांच्या मापाबद्दल कुणाची तक्रार नसायची. ऊन चढलं की मात्र त्या टेबलाखालच्या बादलीत पाय बुडवून बसायच्या. पाण्याचा टँकर आठवड्याने यायचा, त्यामुळे लोक कुजबुजायला लागले. एका सकाळी मी सगळ्यांसमोर बोललो, "बाई, प्यायला पाणी न्हाई अन् तुमी पाय भिजवता?"

"जळत्यात हो. निखाऱ्यावर ठेवल्यावानी."

कुणीतरी हसलं. बाईंनी बादली उचलून दारातल्या गाईपुढे ठेवली आणि शेवटच्या माणसाचं दूध येईपर्यंत उभ्यानेच माप घातलं. त्यांचे पाय घोट्यापर्यंत लालबुंद झाले होते. ते दिसूनही मी वहीत लिटर मांडत राहिलो. दुसऱ्या दिवसापासून त्या आल्याच नाहीत.

काही वर्षांनी मांजरसुंब्याला गाडीची वाट बघताना भेटल्या. त्यांनी सांगितलं, मोठ्या डॉक्टरांनी दुखणं ओळखलं होतं. नसांमध्ये सोडियम आत घेणारी बारीक दारं असतात. बाईंची ती जन्मापासूनच नको तेव्हा उघडायची, म्हणून जरा ऊब लागली की नसा दुखण्याचा निरोप धाडायच्या आणि पायांची आग व्हायची.

"मला माहीत न्हवतं, बाई," मी म्हणालो.

"तुमाला कुठनं असणार? मलाच न्हवतं." त्यांनी पिशवी उचलली. "पर एकदा इचारायचं तरी."